मागच्या चाकांच्या मधलं तेल



आज आम्ही नाचणीच्या पापडाबद्दल बोलणार नाही आणि घनसाळ तांदळाबद्दलही नाही. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. गाडीतल्याही अशा दोन जागांबद्दल, जिथे वर्षानुवर्षं कोणाची नजर जात नाही. एक गिअरबॉक्स आणि दुसरी डिफरन्शियल. ही दुसरी जागा म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीखाली दिसणारा तो फुगीर लोखंडी गोळा. गॅरेजमध्ये कोणी त्याला हौसिंग म्हणतं, कोणी क्राऊन म्हणतं.

बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं काही जणींना वाटेल. सांगतो. आमचा गट आजऱ्याकडचा. आम्ही बारा जणी. गटाकडे एक जुनी ओम्नी व्हॅन आहे. आमच्यातल्या दोघी ती चालवतात, दोघींकडेही लायसन आहे. माल घेऊन व्हॅन गडहिंग्लजच्या बाजाराला जाते, मागणी असली तर आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जाते. रात्री कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला विंचू चावला, तरी दार वाजतं ते आमचंच. गाडीचं कर्ज आमच्या नावावर आहे. मग गाडीच्या पोटात काय चाललंय ते आम्हाला माहीत नको का?

आणि ही गोष्ट फक्त आमच्या गटाची नाही. ही व्हॅन 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आली, 1988 पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि 2019 मध्ये ती बनवणं बंद झालं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा आता जुनीच. शाळेच्या मुलांची, डब्यांची, भाजीची, दुधाची वाहतूक अजून कितीतरी ठिकाणी तिच्यावर चालते. जुनी जीप, सुमो, अॅम्बॅसॅडर यांचंही तेच. या सगळ्या गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. त्यामुळे आज सांगणार आहोत ते या सगळ्या गाड्यांना लागू आहे.

मारुती 800 किंवा अल्टो असेल तर थोडा फरक आहे. तिथे जोर पुढच्याच चाकांना असतो आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात बसवलेलं असतं. दोघांना तेल एकच. ओळखायची खूण सोपी आहे. मागून वाकून बघा. चाकांच्या मधे लोखंडी गोळा आणि त्याच्याकडे येणारा लांब फिरता दांडा दिसला, की तुमची गाडी मागून जोर घेणारी. त्या दांड्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात.

आता हा गोळा करतो काय? आपल्यातल्या वयस्कर बायकांनी बैलांची मळणी पाहिली असेल. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला आणि त्याच्याभोवती एका दाव्यात बांधलेले बैल फिरतायत. तिवड्याजवळच्या बैलाला थोडंच चालावं लागतं, बाहेरच्या बैलाला मात्र भराभर पावलं टाकावी लागतात. फेरा दोघांचा एकच, पण चाल वेगळी. गाडी वळते तेव्हा मागच्या चाकांचं असंच होतं. आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्याला घट्ट बांधली असती, तर प्रत्येक वळणावर टायर घासले असते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर देतं आणि ज्याच्या त्याच्या चालीने फिरूही देतं. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने 1827 साली वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती काढली. तीच आजही आपल्या व्हॅनखाली आहे.

हा गोळा आणखी दोन कामं करतो. शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो आणि चाकं आडव्या दांड्यावर, म्हणजे जोराची दिशा काटकोनात वळवावी लागते. शिवाय शाफ्टचे चार-पाच फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो, म्हणून चाकाला ताकद मिळते. हे काम करणारी दात्यांची जोडी म्हणजे क्राऊन आणि पिनियन. पिनियन लहान, क्राऊन मोठा. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा सगळा भार या दोघांच्या दोन-तीन दातांवर येतो.

आता तेलाकडे येऊ. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या थोडा खाली बसवलेला असतो. अशा जोडीला हायपॉइड म्हणतात. यामुळे शाफ्ट खाली राहतो आणि आवाज कमी येतो. पण त्यातले दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, पाट्यावर वरवंटा घासावा तसे घासत सरकतात. इतक्या दाबाखाली साधं तेल दातांच्या मधून पिळून बाहेर जातं आणि लोखंड लोखंडाला लागतं. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरस असलेली द्रव्यं घातलेली असतात. उष्णता वाढली की ती दातांवर पातळ थर धरतात आणि दात वाचवतात. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली म्हणजे जाडी, 80डब्ल्यू-90, 75डब्ल्यू-90 किंवा नुसतं 90 असं लिहिलेलं असतं. दुसरी म्हणजे जीएल-4 किंवा जीएल-5. हायपॉइड डिफरन्शियलला साधारणपणे जीएल-5 लागतं, कारण त्यात दाब सोसणारी द्रव्यं जास्त असतात. गिअरबॉक्सला मात्र पुष्कळ जुन्या गाड्यांत जीएल-4 सांगितलेलं असतं. कारण गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. गिअर बदलताना या रिंगा घासून दोन चक्रांचा वेग एकसारखा करतात. काही जीएल-5 तेलं पितळेला मानवत नाहीत, शिवाय रिंग जास्त गुळगुळीत सरकली तर गिअर पडताना खरखर होते. म्हणून दोन्हीकडे एकच डबा ओतू देऊ नका. गाडीचं पुस्तक काय सांगतं ते बघा. पुस्तक हरवलं असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून त्या पानाचा फोटो मागवा. आम्ही तसाच मिळवला आणि व्हॅनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकला.

"पण हे तेल काय जळतं थोडंच?" हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल. खरंच, इंजिनातल्यासारखं ते जळत नाही. पण म्हणून ते कायम टिकतं असं नाही. दातांची झीज बारीक लोखंडी भुकटी होऊन त्यातच राहते. उष्णतेने त्यातली द्रव्यं हळूहळू खर्च होतात. सीलमधून थेंब थेंब गळतं. आणि आपल्या भागात चौथं कारण आहे, पाणी.

पावसाळ्यात हिरण्यकेशीवरचे बंधारे पाण्याखाली जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. पाणी थोडं उतरलं की लोक गाड्या घालतात. गाडी चालून चालून गोळा तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. गोळ्यावर हवा जायला-यायला एक छोटी नळी किंवा टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिथून नाहीतर जुन्या सीलमधून पाणी आत जातं. मग आतलं तेल ताकासारखं पांढुरकं होतं. असलं तेल दात वाचवत नाही, उलट बेअरिंग गंजवतं. बुडलेल्या बंधाऱ्यावर गाडी घालूच नये, वाहून जाण्याचा धोका सगळ्यात मोठा आहे. पण रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून जाणं कधीकधी टळत नाही. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी लागलं असेल, तर त्याच आठवड्यात तेल तपासून घ्या. तेल पांढुरकं निघालं तर बदला, थोडे दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही पांढुरकं दिसलं तर परत बदला, कारण कोपऱ्यांत पाणी राहिलेलं असतं.

याच ब्रीदरची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ब्रीदर चिखलाने बुजला, तर तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. आत दाब वाढतो आणि तेल चाकांकडच्या सीलमधून बाहेर ढकललं जातं. तिथे लगेच काय असतं? मागचे ब्रेक. तेल ब्रेक लायनरवर गेलं की ब्रेक धरत नाही, नाहीतर एकाच बाजूने धरतो. आंबोलीसारख्या घाटात, धुक्यात आणि पावसात, मागे तांदळाची पोती आणि माणसं असताना याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून दर धुण्याच्या वेळी मागच्या चाकांची आतली बाजू बघायचीच. तिथे ओलसर तेलकट डाग दिसला तर गाडी घाटात न्यायची नाही. आधी सील, मग लायनर, मग घाट.

आता प्रत्यक्ष सर्व्हिसिंग. हे काम आम्ही मिस्त्रींकडूनच करून घेतो, पण आमच्यातली एक जण तिथे उभी असते. क्रम पाठ असला की उभं राहण्याला अर्थ येतो.

आधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणायची. गार गिअर ऑइल काकवीसारखं घट्ट असतं, कोमट झालं की सगळं खाली येतं. गाडी सपाट जागेवर हवी, गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प असला तर उत्तम. जॅक लावला असेल तर खाली लोखंडी घोडी आणि चाकांना लाकडी ठोकळे हवेतच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, मिस्त्रींनीसुद्धा नाही. तसं स्पष्ट सांगायचं.

गोळ्याला आणि गिअरबॉक्सला दोन दोन बूच असतात. वरचं तेल भरायचं, खालचं सोडायचं. आधी वरचं उघडायचं. कारण खालचं उघडून सगळं तेल सोडलं आणि नंतर वरचं गंजून बसलेलं निघालं, तर नवं तेल भरणार कुठून? गाडी तिथेच अडकते. वरचं निघालं की मगच खालचं. तेल वीस-पंचवीस मिनिटं निथळू द्यायचं. घाई केली तर जुनं तेल आत राहतं.

निघालेलं तेल बघायचं, हाच सर्व्हिसिंगचा खरा अर्धा भाग. रंग काळपट पण चिकट असेल तर वयाप्रमाणे ठीक. पांढुरकं असेल तर पाणी. पुष्कळ बुचांना आतून लोहचुंबक असतो. त्यावर करड्या मलमासारखा बारीक थर असला तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर नुसतं नवं तेल भरून झाकायचं नाही, गोळा खोलून बघावा लागतो. गिअरबॉक्समधून निघालेल्या तेलात पिवळसर चमक दिसली तर पितळी रिंगा झिजतायत असं समजायचं.

मग बूच पुसून, वायसर दबलेला असेल तर नवा घालून खालचं बंद करायचं. वरच्या भोकातून हातपंपाने नाहीतर नळी लावून नवं तेल भरायचं. किती? गाडी सपाट उभी असताना भोकाच्या कडेशी तेल आलं आणि हळूच ओघळू लागलं की पुरे. करंगळीचं टोक आत घातलं तर तेल लागलं पाहिजे. त्याहून जास्त कोंबायचं नाही, जादा तेल सीलमधूनच वाट काढतं. बूच आवळायचं, ब्रीदर साफ करायचा आणि दोन दिवसांनी खाली ओल आहे का ते बघायचं.

याच वेळी प्रोपेलर शाफ्टकडेही बघून घ्या. त्याच्या टोकांना जे सांधे असतात त्यांना गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात. इंजिन बंद, चाकांना ठोकळे, आणि मग शाफ्ट हाताने पिळून बघायचा. क्रॉसमध्ये खुळखुळ जाणवली तर तो गेला. गिअर टाकताना "खट्ट" होतं, ते पुष्कळदा याच क्रॉसमुळे. ग्रीस भरायचं निपल असेल तर ग्रीस मारून घ्या.

गाडी आवाजानेही सांगते, फक्त रेडिओ बंद ठेवावा लागतो. अर्थात आमचा कार्यक्रम संपल्यावर! गाडीचा वेग वाढेल तशी मागून गुणगुण वाढते आणि रेस सोडल्यावर तिचा सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन तपासा. गाडी उभी असताना, गिअर न्यूट्रलला असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघा. दुसरा गिअर पडताना खरखर होते, पण दमाने टाकला की होत नाही, तर सिंक्रो रिंग. उतारावर गिअर आपोआप सुटत असेल तर ती गाडी घाटात न्यायचीच नाही. आवाज कुठून येतो, कधी येतो, कधी थांबतो, हे तीन शब्दांत सांगता आलं की मिस्त्री आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

नजरेवरून एक अनुभव सांगतो. मागे एका गॅरेजने बिलावर "गिअर ऑइल बदली, हौसिंग ऑइल बदली" असं लिहून दिलं. आमच्यातल्या काकूंनी गाडी देण्याआधी एक काम केलेलं होतं. सुनेच्या लाल नेलपॉलिशने प्रत्येक बुचावरून गोळ्यावर जाणारी एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. बूच फिरलं की रेघ तुटणारच. काकू वाकून बघतात तर चारही रेघा जशाच्या तशा. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, बिलात चार बुचं उघडल्याचे पैसे आहेत, आणि इथे रेघ एकाचीही तुटली नाही. आम्ही थांबतो, तुम्ही उघडा." त्यांनी उघडली. मागच्या गोळ्यातून जे निघालं ते पांढुरकं होतं. तो जुलै होता. त्याच महिन्यात त्याच गाडीतून आम्ही एका लेकरवाळीला रात्री दवाखान्यात नेलं. तेव्हापासून ती रेघ आमच्या गटाचा नियम आहे. ही कोणावर अविश्वास दाखवण्याची गोष्ट नाही. दुधाचं माप डेअरीत आपण डोळ्यांनी बघतोच ना? तसंच हे.

किती दिवसांनी बदलायचं? गाडीचं पुस्तक सांगेल ते खरं. आम्ही भरलेली व्हॅन घाटात चालवतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्याची वाट न बघता 20 हजार किलोमीटरला नाहीतर दोन वर्षांनी बदलतो, आणि दर पावसाळ्यानंतर तपासतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय केलं याचा विचार करत बसू नका, पहिल्या महिन्यातच दोन्ही तेलं बदला. खर्चाचं म्हणाल तर गिअर ऑइल लिटरला साधारण 300 ते 500 रुपयांना मिळतं आणि व्हॅनसारख्या लहान गाडीला थोडकंच लागतं. क्राऊन-पिनियन गेलं तर पार्ट, बेअरिंग, मजुरी आणि बंद पडलेले बाजार मिळून कित्येक हजारांचा खड्डा पडतो. आणि जुन्या गाडीचा पार्ट लगेच मिळेलच असंही नाही.

एक गोष्ट राहिली. निघालेलं तेल शेताच्या बांधावर, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू देऊ नका. वाळवी लागू नये म्हणून खांबांना आणि मेढींना ते फासायची पद्धत आपल्याकडे आहे, तीही सोडा. ते मातीत आणि पाण्यात उतरतं. वापरलेलं तेल नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे जातं अशाच गॅरेजला द्यायचं. हात साबणाने धुवायचे आणि त्या कॅनला घरात आणायचं नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. गाडी धुताना मागच्या चाकांची आतली बाजू आणि गोळ्याची खालची बाजू बघा, ओल आहे का. एक शंभर पानी वही घ्या. तिच्यात तारीख, किलोमीटर, कोणतं तेल, किती, आणि उभी कोण होती ते लिहा. आमच्या वहीत बारा जणींची नावं आळीपाळीने येतात, ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांचीसुद्धा. कारण गाडी चालवणाऱ्या दोघी असल्या तरी कर्जाचा हप्ता बारा जणी भरतात, आणि त्या गाडीत मागे बसणारं माणूस तर कोणाच्याही घरचं असू शकतं.

तुमच्या गाडीचा काही आवाज असेल, काही शंका असेल, तर केंद्रावर कळवा. तुमचे आवाज आणि शंका गोळा करून आम्ही मिस्त्रींना पुढच्या महिन्यात इथेच घेऊन येऊ.